उसवता येईल असं जोडावं

बेंगळुरूत नवं बिऱ्हाड थाटणाऱ्या मराठी माणसाला कन्नड येण्याआधी कचरा टाकता यावा लागतो. ओला हिरव्या डब्यात, डायपर-पॅड-झाडलोटीचा केर असला कुणालाच नको असलेला ऐवज लाल डब्यात, आणि सुका वेगळ्या पिशवीत. पहिल्याच आठवड्यात गफलत झाली की कचरा दारात तसाच राहतो आणि शेजारच्या आजी कन्नड, हिंदी आणि हातवारे अशा तिन्ही भाषांतून नवख्याची शिकवणी घेतात. या शिस्तीमागे शहराने भोगलेलं एक वाईट वर्ष आहे. २०१२ मध्ये मावळ्ळीपुऱ्याची कचराभूमी बंद झाली, मंडूरचे गावकरी आणखी गाड्या गावात घ्यायला तयार होईनात, आणि बागांचं शहर म्हणून मिरवणाऱ्या या गावाच्या नाक्यानाक्यावर ढीग कुजत पडले. त्याच ऑक्टोबरात कचरा घरातच वेगळा करणं सक्तीचं झालं. पुढे डिसेंबर २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने दोन डबे आणि एक पिशवी ही पद्धत साऱ्या शहराला लावून दिली.

ओला कचरा रोज जातो, सुका मात्र आठवड्यातून एकदोनदाच. म्हणजे चार-पाच दिवस तो बाल्कनीत, आपल्या डोळ्यांसमोर मुक्काम ठोकून असतो. पूर्वी तोच माल भाजीच्या देठांखाली दडून निघून जायचा. धुऊन, वाळवून वेगळा ठेवायला लागल्यावर लक्षात येतं की आपल्या घरातून बाहेर पडणारं सामान भलतंच रंगीत आहे. नंदिनी दुधाच्या निळ्या पिशव्या, बिस्किटांची पिवळी-तांबडी वेष्टणं, लग्नपत्रिकांचे शेंदरी पुठ्ठे, शिंप्याने ब्लाउजबरोबर परत केलेली काठाची उरलेली पट्टी. हे पुस्तक त्या पिशवीतून निघालं आहे. त्यातल्या वस्तू बेंगळुरूच्या घरांत, बहुतेक मराठी घरांत, करून आणि वापरून पाहिलेल्या आहेत. कृती, मापं, चित्रं सगळं पुढे आहेच. मला इथे बोलायचं आहे ते एका अटीबद्दल. ती पुस्तकात कुठे चौकटीत छापलेली नाही, पण प्रत्येक कृतीत पाळलेली दिसते: जे जोडलं ते पुन्हा सुटं करता आलं पाहिजे.

ऐकायला ही अट किरकोळ वाटते. पाळायला घेतली की 'टाकाऊतून टिकाऊ' या नावाने जे काही चालतं त्यातलं निम्मंअधिक बाद होतं.

शाळांमधली 'बेस्ट आउट ऑफ वेस्ट' स्पर्धाच घ्या. आदल्या रात्री नऊ वाजता पोर जाहीर करतं की उद्या वस्तू न्यायची आहे. मग आईबाबा बंद होत आलेल्या स्टेशनरीच्या दुकानात धावतात आणि नव्या कोऱ्या आइस्क्रीमच्या काड्या, चमकीच्या नळ्या, थर्मोकोलचे गोळे, हॉट ग्लूच्या कांड्या असा शे-दोनशे रुपयांचा टाकाऊ माल विकत आणतात. घरातली शीतपेयाची बाटली (ती रिकामी नसेल तर घाईघाईने रिकामी करून) मधोमध कापली जाते, तिला ॲक्रेलिक रंगाचा हात बसतो, वर चमकी. पेनं ठेवायचा डबा तयार. दुसऱ्या दिवशी प्रमाणपत्र, चार महिन्यांनी केराची टोपली. गंमत अशी की त्या बाटलीला आधी दर होता. पेटच्या बाटल्यांचे तुकडे वितळवून धागा काढतात, त्याचं कापड होतं. पण रंग, सरस आणि चमकी एकदा अंगाला लागली की तिला कुणी हात लावत नाही. तिची जागा लाल डब्यात. आपण टाकाऊतून टिकाऊ केलं असं समजतो, प्रत्यक्षात विकाऊतून टाकाऊ केलेलं असतं.

भंगाराच्या धंद्यातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. इथे भंगाराच्या दुकानाला गुजरी म्हणतात. जुन्या पेटेतल्या जॉली मोहल्ल्यात रद्दी-भंगाराची उलाढाल चालते, म्हैसूर रस्त्यावरच्या नायंडहळ्ळीत प्लास्टिकची. तिथे निवडायला बसलेली बाई पिशवी हातात चुरगाळते आणि नुसत्या आवाजावरून ती कुठल्या ढिगात जायची ते ठरवते. तिच्या दृष्टीने मालाची किंमत एकाच गोष्टीवर ठरते: तो एकजिनसी आहे की भेसळीचा. बाटलीला झाकण वेगळ्या प्लास्टिकचं असतं, म्हणून ते पिळून काढून वेगळं टाकायचं. वहीला तार असेल तर ओढून काढायची. दिवसभराचं काम म्हणजे दुसऱ्यांनी जोडलेलं सुटं करत बसणं.

पुण्याच्या वाचकांना ही बाई ओळखीची वाटेल. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत पुण्यात १९९३ साली उभी राहिली. एसएनडीटी विद्यापीठातल्या पौर्णिमा चिकरमने आणि लक्ष्मी नारायण यांचं काम आणि बाबा आढावांचं पाठबळ यांतून कचरावेचक बायकांना कामगार म्हणून ओळख मिळाली. त्याच कामात असलेल्या नलिनी शेखर पुढे बेंगळुरूला आल्या आणि इथल्या कचरावेचकांची 'हसिरु दळ' ही संघटना उभी करण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. आज शहरातल्या कित्येक वॉर्डांमधली सुका कचरा केंद्रं एकेकाळी उकिरड्यावर वेचणारी माणसं चालवतात. हस्तकलेच्या पुस्तकात त्यांचा उल्लेख कशाला, असं कुणाला वाटेल. पण आपण ज्याला छंद म्हणतो ते सामान कुणाच्या तरी रोजीचं आहे हे विसरून केलेली कला मला पटत नाही. म्हणून या पुस्तकातली निवड सोपी आहे. गुजरीवाला ज्याला दर देतो ते त्याला द्या. बाटल्या, पत्र्याचे डबे, कोरे पुठ्ठे, ॲल्युमिनियम हे त्याचं. ज्याला कुणीच दर देत नाही ते आपलं: चिंध्या, फुटक्या बांगड्या, सोनेरी छपाईच्या लग्नपत्रिका, संपलेली पेनं, जोडी हरवलेलं कानातलं, आणि वेफर्सची आतून चंदेरी असणारी पाकिटं.

या पाकिटांची एक वेगळीच कथा आहे. प्लास्टिकचे पातळ थर आणि मधे ॲल्युमिनियमचा मुलामा, सगळं एकमेकांना असं चिकटवलेलं की कुठल्याही यंत्राला ते परवडेल अशा खर्चात सोडवता येत नाही. म्हणजे आपली अट कारखान्यानेच आधी मोडून ठेवली आहे. सुक्या कचऱ्यात टाकली तरी ती बहुधा सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जातात. त्यामुळे हस्तकलेत या पाकिटांचा जितका वापर होईल तितका मला हवाच आहे. पुण्यातली 'रिचरखा' ही संस्था अशी वेष्टणं आणि पिशव्या पट्ट्या कापून चरख्यावर आणि हातमागावर चढवते, त्यांच्या पिशव्या विकते. घरी चरखा नसतो, पण दोन बोटं रुंदीची पट्टी उभी चार घड्या घालून, मधे दुमडून, दुसरीच्या फटीत अडकवत नेली तर गोंदाचा थेंबही न लागता नागमोडी साखळी तयार होते. अशा साखळ्या दोऱ्याने शेजारी शेजारी टाचल्या की बटवा. रंग पाकिटाचाच. कंपनीने छपाईवर केलेला खर्च आपल्या उपयोगी पडला, एवढंच समाधान.

मराठी घराला ही अट नवी नाही. आपल्याकडे वस्तू घराबाहेर जाण्याचे रस्ते ठरलेले होते. जुने कपडे बोहारणीकडे. ती दुपारी आरोळी देत यायची, आणि दोन लुगडी, तीन सदरे आणि एका पँटच्या बदल्यात स्टीलचं पातेलं द्यायला तासभर घासाघीस करायची. तिने नाकारलेलं ते घरात परत. त्याची गोधडी. गोधडीतूनही उरलेलं पायपुसणं, आणि पायपुसणं झिजलं की सायकल पुसायचं फडकं. आणि शोभेसाठी रुखवत. लग्नघरात भिंतीला टेबलं लावून मांडलेलं रुखवत नीट आठवून पाहा: काड्यापेट्यांचा बंगला, सुपाऱ्यांचे भटजी, फुटक्या बांगड्यांची तोरणं, चिंध्यांच्या बाहुल्या, वायरच्या पिशव्या. त्यावर हसणारे पुष्कळ झाले, आणि सुपारीच्या भटजींवर हसू येतं हे मलाही मान्य आहे. पण वधूकडच्या बायकांनी महिनोन्‌महिने जपलेल्या तुकड्यांचं ते प्रदर्शन असायचं, आणि त्यात विकत आणलेलं फार थोडं.

गोधडीवर जरा थांबायला हवं, कारण पुस्तकातला सगळ्यात मोठा भाग तिचा आहे. खाली जुनं लुगडं अंथरायचं, त्यावर विटलेल्या कपड्यांचे थर, वर रंगीत तुकडे जुळवून आणखी एक थर, चारी बाजूंनी दुमड आणि मग धावदोरा. टाका मोठा असला तरी चालतो, ओळी मात्र जवळ हव्यात. नाहीतर धुतल्यावर आतले थर गोळा होऊन कोपऱ्यात बसतात. घाटावर तिला वाकळ म्हणतात. बेळगाव ओलांडून धारवाडकडे गेलात की तीच कौदी होते. आणखी खाली उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडच्या भागात, सिद्दी समाजाच्या बायका तिला कवंदी म्हणतात आणि तिची शिवण्याची रीत निराळी आहे. आपण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ ओळी घालतो. त्या कडेपासून सुरुवात करून चौकोनात फिरत फिरत मध्यावर येतात, आणि तुकडे जाता जाता बसवतात. आधी नकाशा नाही, मापं नाहीत. शेवटी चार कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांचे त्रिकोणी 'फुले' लावतात. त्यांच्याशिवाय कवंदी नागडी समजली जाते. आफ्रिकेतून काही शतकांपूर्वी या किनाऱ्यावर आणल्या गेलेल्या लोकांच्या लेकीसुनांची ही रंगसंगती एकदा पाहिली की आपली गोधडी जरा भिडस्त वाटायला लागते. पुस्तकात दोन्ही रीती दिल्या आहेत. माझा कौल कवंदीला. नवशिक्याला सरळ ओळ साधत नाही, फिरत जाणारी ओळ वाकडी गेली तरी शोभते.

आणि गोधडी उसवता येते. फाटली की वरचा तुकडा काढून दुसरा बसतो. पुरती संपली की आतून निघतं ते कापडच.

बेंगळुरूत चिंध्यांना तोटा नाही. शहाजीराजांना १६३८ मध्ये या गावची जहागीर मिळाली. त्या काळापासून आणि त्यानंतरही मराठी माणसं लष्कर, कारकुनी, शिवणकाम अशा निमित्तांनी इथे येत राहिली. भावसार क्षत्रिय आणि नामदेव शिंपी समाजाची घरं पेटेच्या गल्ल्यांत पिढ्यान्‌पिढ्या आहेत. कपडे शिवणं आणि रंगवणं हा त्यांचा मूळ व्यवसाय, घरात कन्नडची फोडणी बसलेली मराठी, आणि आषाढी-कार्तिकीला विठोबा. चिकपेटेच्या रेशमी साड्या, त्यांचे ब्लाउज, आणि पीन्याच्या कारखान्यांत कापले जाणारे हजारो शर्ट, या सगळ्यांच्या कापकीचा ढीग रोज पडतो. कुठल्याही टेलरच्या टेबलाखाली एक गोणी असते. ती मागितली तर तो आधी चमकतो, मग आनंदाने देतो. दुसऱ्यांदा गेलात की खास तुमच्यासाठी जरीचे तुकडे वेगळे काढून ठेवलेले असतात.

रंगाबद्दल पुस्तकाचं धोरण कडक आहे: रंग शक्यतो विकत आणायचा नाही, मालातच शोधायचा. साडीचा काठ, मासिकाचं पान, पत्रिकेचा पुठ्ठा यांत तो आहेच. सुती कापड रंगवायचंच असेल तर दसऱ्यानंतरची सकाळ गाठावी. आयुधपूजेच्या दिवशी या शहरात रिक्षापासून संगणकापर्यंत सगळ्यांना झेंडूच्या माळा चढतात, आणि दुसऱ्या दिवशी त्या पोत्यांनी केरात जातात. पाकळ्या तोडून सावलीत वाळवाव्यात. रंगाऱ्यांची जुनी युक्ती अशी की सुती कापड आधी हिरड्याच्या पाण्यात, मग तुरटीच्या पाण्यात भिजवून वाळवायचं, कारण सुतावर रंग आपणहून टिकत नाही. रेशमाला नुसती तुरटी पुरते. मग पाकळ्या उकळून गाळलेल्या पाण्यात कापड मंद आचेवर अर्धा-पाऊण तास ठेवलं की पिवळा चढतो. त्याच पाण्यात गंजक्या खिळ्यांचं पाणी थोडं घातलं तर पिवळ्याचा शेवाळी होतो. हा बदल काही क्षणांत डोळ्यांदेखत होतो आणि मुलं पुन्हा पुन्हा करायला लावतात. रंगाचं भांडं मात्र स्वयंपाकाचं नको.

कागदी टोपलीचं प्रकरण मला सगळ्यात आवडलं. देशावरच्या आणि विदर्भातल्या कित्येक घरांत अजूनही माळ्यावर अशी एखादी टोपली सापडेल. कागदाचे तुकडे दोन-तीन दिवस पाण्यात भिजवायचे, काळं पाणी ओतून द्यायचं. भिजवलेली मेथी वाटून त्यात मिसळायची आणि उखळात कणकेइतका एकजीव लगदा होईपर्यंत कुटायचं. मेथीचा चिकटपणा लगदा बांधतो, तिच्या कडवटपणामुळे कसर लागत नाही. उपड्या घागरीवर फडकं घालून लगदा थापायचा, वाटीच्या बुडाने घोटायचा, आणि उन्हात सोडून द्यायचा. बेंगळुरूच्या ढगाळ दिवसांत याला आठवडा लागतो आणि मधेच बुरशी धरू शकते. म्हणून ही कृती फेब्रुवारी ते एप्रिल याच काळात करावी. वाळलेली टोपली घागरीवरून आपोआप ढिली होते. आतून-बाहेरून चिंचोक्याच्या खळीने रंगीत कागद लावले की कुरडया, शेवया, सांडगे ठेवायला वर्षानुवर्षं चालते. फुटली तर? पुन्हा भिजत घाला. लगदा तयार. रद्दीला दर असतो हे मान्य, पण शाळेच्या फाटक्या वह्या, पावत्या, भिजलेली वर्तमानपत्रं यांना तो जवळजवळ नसतोच. टोपलीसाठी तेवढं पुरतं.

फुटक्या बांगड्यांची साखळी ही दुसरी जुनी गोष्ट. काचेच्या बांगडीचा तुकडा चिमट्यात धरून ज्योतीत नेला की लालसर होऊन मऊ पडतो. दोन्ही टोकं हलकेच दाबून एकत्र आणली की कडी. पुढचा तुकडा आधीच्या कडीत ओवून पुन्हा ज्योतीवर. हिरवी, चॉकलेटी, जांभळी, अशी हातभर साखळी झाली की दारावरचं तोरण. मेणबत्तीच्या पिवळ्या ज्योतीने काच काजळते, स्पिरिटच्या दिव्याने स्वच्छ राहते. डोळ्यांवर चष्मा हवाच, आणि दहा-बारा वर्षांखालच्या मुलांनी फक्त तुकडे निवडून द्यावेत. इथे कुणी म्हणेल, ही जोड कुठे उसवता येते? येत नाही. पण काच काचेलाच जुळली, परकं काही मिसळलं नाही. साखळी तुटली तरी ती काचेच्याच ढिगात जाईल. बेंगळुरूच्या बळेपेटेत, जिथे पिढ्यान्‌पिढ्या बांगड्या विकल्या गेल्या, फुटका माल मागून पाहायला हरकत नाही. चंडीगढचे नेक चंद यांनी अशाच फुटक्या बांगड्यांचे कपडे घातलेल्या बाहुल्या लपूनछपून रांगांनी उभ्या केल्या होत्या. सरकारच्या जागेवर चाललेला हा उद्योग उघडकीला आला, तो पाडण्याऐवजी १९७६ मध्ये लोकांसाठी खुला झाला. सरकारी खात्याने एवढं शहाणपण क्वचितच दाखवलं असेल.

जोडण्याच्या रीतींवर पुस्तकात एक स्वतंत्र प्रकरण आहे. ते वाचताना अरविंद गुप्तांची आठवण येणं अपरिहार्य होतं. कानपूर आयआयटीतून बाहेर पडलेला हा अभियंता पुण्यात टेल्कोमध्ये ट्रक बनवत होता. तिथून १९७८ मध्ये रजा घेऊन तो मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेला. तिथल्या बाजारात त्यांना सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी दिसली. तिचे तुकडे कापून त्यांत आगकाड्या खोचल्या की त्रिकोण, चौकोन, घरं, पूल उभे राहतात. गोंद नाही, खिळा नाही. त्रिकोण ढकलला तरी हलत नाही आणि चौकोन लगेच कलतो, हे बोटांना कळतं. खेळून झालं की काड्या परत पेटीत. पुढे पुण्याच्या आयुकामधल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अशी शेकडो खेळणी मुलांच्या हातांत दिली, आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मुलाने खेळणं मोडून आत पाहावं, असं मानणाऱ्या या माणसाची खेळणी मुळातच मोडता येतील अशी होती. आपली सगळी अट त्या रबरी नळीत आली. घानात जन्मलेले आणि नायजेरियात काम करणारे शिल्पकार एल अनात्सुई दारूच्या बाटल्यांची हजारो झाकणं तांब्याच्या तारेने एकमेकांना बांधून भिंतभर सोनेरी-तांबडी वस्त्रं करतात. तीही प्रत्येक प्रदर्शनात वेगळ्या घड्यांनी टांगता येतात, कारण कुठेच काही घट्ट चिकटवलेलं नाही.

घरात याचा फायदा कसा होतो, ते दसरा-दिवाळीच्या वीस दिवसांत कळतं. दसऱ्याला कन्नड घरांत गोंबे हब्ब असतो. तीन, पाच, सात अशा विषम पायऱ्या मांडून त्यांवर बाहुल्या. सगळ्यात वर मुलीला लग्नात दिलेली लाकडी राजाराणीची जोडी, बाजूला चन्नपट्टणची लाखकामाची खेळणी, आणि खाली मुलांनी केलेली बाग, प्राणिसंग्रहालय, आठवडी बाजार. बागेत ताटलीभर नाचणी पेरून हिरवळ उगवतात. मराठी मुलांना हे पाहून लगेच किल्ला आठवतो, आणि बेंगळुरूच्या फ्लॅटमध्ये किल्ल्याला माती मिळत नाही ही तक्रारही. पुस्तकात यावर सुचवलेला तोडगा चांगला आहे. पुठ्ठ्याची खोकी खाचा पाडून एकमेकांत अडकवायची. दसऱ्याला ती पायऱ्यांशेजारची दुकानं आणि देवळं असतात. मग सोडवून, उलटी करून, वर मातीत बुडवलेलं जुनं गोणपाट टाकलं की दिवाळीला बुरूज आणि माची. दसऱ्याच्या बाजारातली चिंध्यांची माणसं फेटे बांधून मावळे होतात. चिकटवलेलं असतं तर दोन्ही सणांना दोन वेगळे ढीग लागले असते. शेजारच्या कन्नड मुलांना किल्ल्यावर नेमकं कोण बसलं आहे हे सांगताना आपल्या मुलांचं कन्नड सुधारतं, हा वरचा नफा.

काही गोष्टी पुस्तकात मुद्दाम घेतलेल्या नाहीत. बॅटऱ्या, ट्यूबलाइट, औषधांच्या उरलेल्या बाटल्या यांना हात लावू नये. थर्मोकोल तापलेल्या तारेने कापू नये, आणि कुठलंही प्लास्टिक ज्योतीवर धरू नये. ते 'वळवण्याच्या' चित्रफिती पुष्कळ फिरतात, धूर मात्र बघणाऱ्यापर्यंत पोचत नाही. खळ टिकावी म्हणून पूर्वी तिच्यात मोरचूद घालत. ते विष आहे, लहान मुलांच्या घरात नको. खळ थोडी थोडी करून संपवणं बरं. बाटल्या कापून केलेल्या कुंड्याही नाहीत. बेंगळुरूच्या गच्चीवरच्या उन्हात त्या कडक होऊन तडकतात, आणि त्यांचे तुकडे मातीतून वेचत बसायची वेळ येते.

शेवटची सूचना वेळेबद्दल. पुस्तकातली पहिली कृती दुधाच्या पिशव्यांची चटई आहे, आणि ती पहिली असण्याचं कारण तिला सामान जमायला लागणारा काळ. दुधाची पिशवी एकाच जातीच्या प्लास्टिकची आणि मजबूत असते. कडा काढून आडवे वेटोळे कापायचे, एकात एक गुंतवून लांब दोरा करायचा आणि जाड सुईने विणायचं. चटई झिजली की ती सबंध सुक्या कचऱ्यात देता येते. रोज दोन पिशव्या येणाऱ्या घरात एका माणसाच्या बैठकीपुरतं सामान जमायला दोन-तीन महिने जातात. पिशवीचा कोपरा कात्रीने पूर्ण छाटून टाकू नका, तुकडा पिशवीलाच लटकता राहू द्या. सुटा झाला तर तो इतका लहान असतो की कुठल्याच ढिगात सापडत नाही. पिशवी उलटी करून धुवा, दोरीवर चिमटा लावून वाळवा, घडी करून ठेवा. तोवर गोधडीचं प्रकरण उघडायला हरकत नाही, त्याला लागणारी गोणी कोपऱ्यावरच्या टेलरकडे आजही भरलेली असेल.